उसवलेल्या लोकरीचा हिशेब

घर हें विश्रांतीचें स्थान आहे, असें आम्ही आयुष्यभर मानीत आलों. तें कोणाच्या विश्रांतीचें, हा प्रश्न मात्र सन २०२० चा वैशाख उजाडेपर्यंत आम्हांस सुचला नाहीं. आमचीं ३८ वर्षें कचेरींत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यांत गेलीं. परंतु स्वतःच्या घरांतील एक मोठा हिशेब तपासावयाचा राहून गेला होता. टाळेबंदीच्या दिवसांत एका जुन्या स्वेटरानें तो आमच्यापुढें उघडून ठेविला. त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

त्या दिवसांचें स्मरण आतां पुसट होऊं लागलें आहे, म्हणून तारखा सांगणें बरें. ता. २२ मार्च रोजीं देशभर जनता संचारबंदी पाळली गेली, ता. २४ च्या रात्रीं २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, आणि ता. २५ रोजीं, म्हणजे ऐन गुढीपाडव्याच्या दिवशीं, ती अंमलांत आली. आमच्या घरीं गुढी उभारली गेली, पण तिच्या गळ्यांत साखरेची गाठी नव्हती. २१ दिवसांची मुदत पुढें ३ मेपर्यंत वाढली, मग १७ मेपर्यंत, मग ३१ मेपर्यंत. पुण्यांतील आमच्या पेठेचे रस्ते पत्रे व बांबू लावून अडविलेले होते. सकाळचें फिरणें बंद, मित्रमंडळींचा कट्टा बंद, वर्तमानपत्रहि कांहीं दिवस येईनासें झालें. सेवानिवृत्त पुरुषाच्या दिनचर्येंतून एवढ्या गोष्टी वजा केल्या म्हणजे बाकी काय उरते, हें वाचकांनींच ताडावें.

आमच्या घरांतील चिंता मात्र निराळी होती. आमची एकुलती एक कन्या बंगळुरास असते. तिला सातवा महिना लागावयाचा होता, आणि पहिलें बाळंतपण रिवाजाप्रमाणें माहेरीं व्हावयाचें ठरलें होतें. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत तिला आणावयाचें म्हणून आगगाडीचीं तिकिटेंहि काढून ठेविलीं होतीं. गाड्या बंद झाल्या आणि तो सारा बेत जागच्याजागीं राहिला. आमच्या सौभाग्यवती त्यावर फारसें बोलल्या नाहींत. दोन दिवसांनीं एवढेंच म्हणाल्या, "बाळंतविडा तरी वेळेवर तयार असूं दे."

बाळंतविड्यास लोकर हवी. आणि किराणा, दूध व औषधें यांवांचून दुसरें दुकान उघडें नव्हतें. तेव्हां सौभाग्यवतींनीं माळ्यावरील पत्र्याची पेटी आम्हांस उतरवावयास लाविली, आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याखालून एक बदामी रंगाचा स्वेटर बाहेर काढिला. तो आमचा होता. सन १९८३ सालीं, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यांत, त्यांनीं तो आमच्यासाठीं विणला होता. आम्हीं तो दोन थंड्या वापरला. तिसऱ्या वर्षीं बाजारांतून तयार, हलका असा एक आणला, आणि हा पेटींत गेला. त्याविषयीं घरांत कधींहि कोणी कांहीं बोललें नाहीं.

विणलेलें वस्त्र उसवतां येतें, कारण तें एकाच धाग्याच्या फांसांचें बनलेलें असतें. प्रत्येक फांस आपल्या खालच्या फांसांतून वर आलेला असतो. म्हणून शेवटीं बंद केलेली कड मोकळी केली कीं ओळींमागून ओळी सुटत जातात. मात्र उसवणें वरून खालीं व्हावें लागतें. प्रथम कात्रीनें बाजूंची शिवण जपून कापावयाची, मग खांद्यापासून धागा ओढीत यावयाचें. इतकीं वर्षें फांसांत राहिलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. तिची लड करून चार ठिकाणीं सैल बांधावी, रिठ्याच्या कोमट पाण्यांत बुडवावी, आणि खालीं हलकेंसें वजन अडकवून सावलींत वाळवावी. म्हणजे ती बरीचशी सरळ होते. मग गुंडे करावे.

"अहो, जरा हात पुढें करा," असें म्हणून सौभाग्यवतींनीं ती लड आमच्या दोन्हीं हातांत अडकविली. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हां दाखविलें जाऊं लागलें होतें. रात्रीं नऊ वाजतां तें चालू असतांना आम्ही हात पसरून बसावें आणि त्यांनीं गुंडा करावा, असा क्रम दहा-बारा दिवस चालला. गुंडा संपतां संपेना. तेव्हां आमच्यांतील जुना हिशेबनीस जागा झाला, आणि आम्हीं विचारलें, "एका स्वेटरास टाके तरी किती लागतात?"

"कोणी मोजले आहेत?" त्या म्हणाल्या.

न उसवलेला एक भाग अद्याप शिल्लक होता. तो घेऊन आम्हीं मोजावयास बसलों. पाठीच्या रुंदीस ११२ टाके आणि उंचीस १५० ओळी, म्हणजे १६,८०० टाके. पुढचा भाग तितकाच. बाहीस सरासरी ७० टाके व १२० ओळी, म्हणजे दोन बाह्या मिळून आणखी १६,८००. काखेची व गळ्याची घट वजा घातली आणि कांठ व गळपट्टी मिळविली, तरी बेरीज ५०,००० च्या आसपास येते. मिनिटास २० टाके धरले तर हें ४२ तासांचें काम झालें. त्या वर्षीं आमच्या घरांत आठ माणसें होतीं, दोन वेळचा स्वयंपाक होता, सासूबाईंची पथ्यें होतीं. सुनेला दुपारीं फार तर अर्धा तास मिळत असेल. म्हणजे ८४ दुपारी. ह्या ८४ दुपारी आम्हीं दोन हिवाळे अंगावर घातल्या आणि मग पेटींत टाकल्या, हें कागदावर लिहिलें गेलें तेव्हां आम्हांस पुढें कांहीं बोलवेना. सौभाग्यवतींनीं तो कागद पाहिला, आणि "बाहीचे मोजतांना तुम्ही कांठ विसरलांत," एवढीच दुरुस्ती सुचविली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं विणावयास शिकूं लागलों. आठ नंबरच्या सुया आमच्या वांट्यास आल्या. आपल्याकडील जुन्या मापांत नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते. आठाची सुई ४ मिलिमीटर जाड, तर दहाची सव्वातीन. कुंचीस व झबल्यास दहाच्या सुया लागतात, त्या सौभाग्यवतींच्या हातीं. आम्हांस दुपट्याच्या नुसत्या सुलट टाक्यांच्या पट्ट्या देण्यांत आल्या. पहिल्या पट्टीचा आरंभ ३० टाक्यांनीं झाला आणि दहाव्या ओळीस ते ३७ भरले; हे वरचे सात कोठून आले, हें ३८ वर्षांच्या अनुभवासहि उमगलें नाहीं. वैशाखाचा उकाडा, डोक्यावर गरगरणारा पंखा, आणि मांडीवर लोकर! घामानें सुई सरकेना. पण आठवड्याभरानें हात वळला, आणि एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. त्या दिवसांत मन महिन्याभराचा विचार करूं लागलें कीं घाबरें होई. परंतु ३० टाक्यांची ओळ त्याला पेलत असे. ओळ संपली कीं ती डोळ्यांना दिसे. सबंध दिवसांत पुरी झालेली अशी एक तरी गोष्ट हातीं असणें, ह्यांत किती समाधान असतें, हें आम्हांस वयाच्या पासष्टीनंतर कळलें.

समोरच्या गच्चीवरील एका स्नेह्यांनीं आमच्या हातांत सुया पाहून थट्टा केली. त्यांना आम्हीं सांगितलें कीं, मोजे विणण्याचें पहिलें यंत्र सन १५८९ मध्यें इंग्लंडांत विल्यम ली ह्या धर्मोपदेशकानें, म्हणजे पुरुषानें, तयार केलें. आणि पेरू देशांतील तितिकाका सरोवरांत ताकिले नांवाचें बेट आहे, तेथें आजहि विणकाम पुरुषच करतात. त्या बेटाच्या वस्त्रकलेस युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत स्थान दिलेलें आहे. स्नेही म्हणाले, "मग आपण तिकडेच कां जात नाहीं?" त्यावर, गाड्या बंद आहेत, एवढें उत्तर पुरेसें होतें.

सुयांनीं दृष्टि एकदां उघडली तेव्हां घरांतील दुसऱ्या ओळीहि दिसूं लागल्या. आमच्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाई त्या काळांत येऊं शकत नव्हत्या. तें काम आम्हीं पत्करलें. दोन माणसांच्या संसारांत दिवसाकांठीं साठांवर भांडीं निघतात, हें मोजल्यावांचून आम्हीं कधींच खरें मानलें नसतें. आणि स्वेटराचा टाका निदान मागें राहतो. भांडीं, केर, पोळ्या हें विणकाम असें कीं तें रोज सकाळीं आपोआप उसवलेलें सांपडतें. बाईंचा पगार आम्हीं दरमहा पोंचता केलाच होता, पण पुढें त्या कामावर आल्या तेव्हां त्यांच्या पगारांत वाढ आणि आठवड्यास एक भरपगारी सुटी अशा दोन नोंदी आमच्या वहींत चढल्या. हें औदार्य नव्हे. जुनी चूक दुरुस्त केली, इतकेंच. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही पंख्याखालीं बसून विणीत होतों, त्याच दिवसांत लाखों कष्टकरी माणसें मुलांना खांद्यावर घेऊन उन्हांतून पायीं आपापल्या गांवीं चाललीं होतीं. घरीं बसून आनंद शोधावयास आधीं घर लागतें, ह्याचें विस्मरण होऊन जो आनंद होईल तो आम्हांस नको आहे.

२५ मेपासून देशांतील विमानें सुरू झालीं. तथापि गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि व्याधिग्रस्त माणसें यांनीं घराबाहेर पडूं नये, अशी सूचना होती. कन्येनें प्रवास करणें योग्य नव्हतें, आणि सौभाग्यवतींना मधुमेह आहे. डॉक्टरांनीं त्यांना स्पष्ट नकार दिला. त्या दिवशीं त्यांनीं कुंचीच्या कांठास प्रारंभ केला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत एका रात्रीं दोन वाजतां जांवईबापूंचा फोन आला, कीं इस्पितळांत आणलें आहे, आंत एकाच माणसास सोडतात, पुढील फोन झाल्यावर करीन. "बाबा, आईला झोपवा," असें कन्येनें मागून ओरडून सांगितलेलें ऐकूं आलें. झोपणार कोण? सौभाग्यवतींनीं देवापाशीं निरांजन लाविलें, आणि सुया घेऊन बैठकीच्या खोलींत येऊन बसल्या. आम्हींहि आमची पट्टी घेतली. चार तास आम्ही दोघें समोरासमोर बसून विणीत होतों. त्या चार तासांत एकमेकांशीं चार वाक्येंहि बोललों नसूं. पण ३७ वर्षांच्या संसारांत त्या रात्रीइतके आम्ही जवळ कधीं बसलों होतों, हें आम्हांस आठवत नाहीं. सव्वासहास फोन वाजला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या.

उजेडांत पाहिलें तों त्या रात्रींच्या आमच्या ओळी इतक्या घट्ट आल्या होत्या कीं पट्टी तेथें अर्धा इंच आंत गेली होती. हात घाबरला कीं धागा आवळला जातो, असें सौभाग्यवतींनीं आम्हांस पूर्वींच सांगितलें होतें. आम्हीं ती उसवावयास घेतली, तेव्हां त्या म्हणाल्या, "राहूं द्या. दुपट्यास काय होतें?" कुंचीला मात्र त्यांनीं एक चूक राहूं दिली नाहीं. आंतून जुन्या सुती लुगड्याचें अस्तर लागलें, आणि कुंची, झबलें, पायमोजे व दुपटें असा बाळंतविडा रवाना झाला. तो पोंचला बारशानंतर. बारसें आम्हीं व्हिडिओ कॉलवर पाहिलें. पाळण्याची दोरी इकडून सौभाग्यवतींनीं हवेंतच ओढली. नात आम्हांस प्रत्यक्ष दिसली ती पुढें आठ महिन्यांनीं, आणि तोंवर कुंची तिला लहान झाली होती. दुपटें अजून आहे.

आमचा पेटींतील स्वेटर गेला, ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. सध्यां आमच्या सुयांवर राखी रंगाचा एक स्वेटर आहे. तो सौभाग्यवतींसाठीं आहे, आणि पाठ पुरी होऊन पुढचा भाग काखेपर्यंत आला आहे. आमचा वेग मिनिटास नऊ टाके असल्यामुळें त्यांनीं घाई न करण्याचें कबूल केलें आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या माळ्यावर असा एखादा जुना स्वेटर असेल, त्यांस आमची एवढीच विनंती आहे कीं, तो बोहारणीला देण्यापूर्वीं एकदां खालीं काढावा, दिव्याखालीं धरावा, आणि त्याच्या एका ओळीचे टाके मोजावे. बाकीचा गुणाकार ज्याचा त्यास करतां येईल.