दर माणसामागे कपाशीचं एक फूल

कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या बॅगेत साधारण ५,००० बिया असतात. एका बोंडात २५ बिया धरल्या, तर बॅगेमागे २०० फुलं लागली. संकरित वाणात यातल्या बहुतेक फुलांना हात लावावा लागतो. संध्याकाळी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर खुडायचे आणि सकाळी नर फुलाचा पराग तिथे फिरवायचा. देशात वर्षाला चार कोटींच्या आसपास बॅगा खपतात. गुणाकार करा: ८०० कोटी फुलं! पृथ्वीवरच्या माणसांइतकी, दर वर्षी, आणि मुख्यतः बायका-मुलींच्या बोटांनी.

या धंद्यात नांदेडचं नाव मोठं होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या इथल्या कापूस संशोधन केंद्राने दिलेलं एनएचएच-४४ हे संकरित वाण १९८० च्या दशकात शेतात आलं आणि ‘नांदेड ४४’ म्हणून राज्याबाहेरही गेलं. पण संशोधनातून उद्योग किती उभा राहिला, हे आपण मोजतो पेटंट अर्जांवरून आणि शोधनिबंधांवरून. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(जे) तर बियाणं आणि वाण यांना पेटंटच देत नाही. लाखो एकर पेरा, रकान्यात शून्य!

पैसा वळला तो जनुकाकडे. २००२ मध्ये बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेलं बीटी बियाणं आलं. सुरुवातीच्या काही वर्षांत बॅगेच्या साधारण १,६०० रुपयांतले १,२५० पर्यंत तंत्रज्ञान शुल्कात जात. म्हणजे एका बीमागे २५ पैसे. नांदेड ४४ मागे पडलं. राज्याच्या बियाणे महामंडळाच्या, म्हणजे महाबीजच्या, साथीने त्याचं बीटी रूप यायला बरीच वर्षं गेली. हा उशीर मला आजही सलतो, कारण वाण आपल्याकडे तयार होतं.

लातूरकडच्या सोयाबीनचा हिशेब आणखी चकवणारा आहे. हे सरळ वाण, शेतकरी घरचंच बी ठेवतो. एकरी ३० किलोची एक बॅग पेरून सहा क्विंटल आले, तर वीसपट. सगळं पुन्हा पेरत गेलं, तर चौथ्या सुगीला एका बॅगेचं बी १,६०,००० एकरांना पुरेल. परभणीच्या एमएयूएस-७१ सारख्या वाणाच्या विक्रीत मात्र पहिलीच बॅग दिसते.

मोजता येत नाही असं नाही. पानातल्या किंवा दाण्यातल्या डीएनएवरून वाण ओळखता येतं. इथिओपियात पीक सर्वेक्षणांत तसं केलेलं आहे. लातूर-नांदेडच्या शेतांतून असे नमुने घ्यायला हवेत, आणि केंद्रांचा निधी ठरवताना त्यातून दिसणारा पेरा समोर ठेवायला हवा.