दुःख कोणत्या भाषेत सांगावे?

अंगात ताप भरला, तर तापमापकातला पारा कोणत्याही देशात सारखाच चढतो. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. ते मोजण्याचे मुख्य साधन म्हणजे रोग्याचे बोलणे. आणि ते बोलणे ऐकणाऱ्याला नीट उमगले नाही, तर उपचाराला खरा आरंभच होत नाही. म्हणून जो माणूस मायभूमी सोडून दूर देशी राहतो आणि तेथे मनाने खचतो, त्याच्यापुढे दुहेरी संकट असते. दुःख तर असतेच. शिवाय ते सांगावे कोणाला, आणि कोणत्या भाषेत, हाही प्रश्न असतो.

या प्रश्नाचा विचार आज आपण परदेशी राहणाऱ्या जपानी माणसांच्या संदर्भात करू. जपान सरकारच्या गणनेप्रमाणे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे तेरा लाख जपानी नागरिक परदेशांत राहत होते. त्यांपैकी चार लाखांहून अधिक एकट्या अमेरिकेत. कंपनीने पाठविलेला अधिकारी, त्याच्या मागोमाग गेलेली पत्नी, विद्यापीठातला विद्यार्थी, परदेशीयाशी विवाह करून तेथेच स्थिरावलेली स्त्री, असे नाना प्रकारचे लोक त्यांत आहेत. यांतल्या पुष्कळांना व्यवहारापुरती इंग्रजी उत्तम येते. परंतु बाजारहाट करण्याची भाषा वेगळी आणि रात्री झोप का लागत नाही हे सांगण्याची भाषा वेगळी.

भाषेच्या अडचणीचा पहिला थर शब्दांचा असतो. 'दाइजोबु' हा जपानी शब्द घ्या. त्याचा अर्थ 'ठीक आहे'. पण तो 'मला काही नको', 'माझी काळजी करू नका', 'हा विषय येथेच थांबवा' अशा अनेक छटांनी वापरला जातो. जपानी कान ती छटा ओळखतो. परका डॉक्टर मात्र 'रोगी ठीक आहे' अशी नोंद करून मोकळा होतो. तसेच 'सुमिमासेन' या शब्दाचे. तो क्षमा मागतानाही उच्चारतात आणि आभार मानतानाही. जी स्त्री दर दोन वाक्यांनी क्षमा मागते आहे असे परक्याला वाटते, ती कदाचित केवळ सौजन्याने बोलत असते. तिला आत्मविश्वासच नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणे हा तिच्यावर अन्याय होईल.

दुसरा थर शब्दांच्या पलीकडचा आहे. जपानी मानसोपचारतज्ज्ञ ताकेओ दोई हे १९५० साली अमेरिकेत शिकावयास गेले. तेथे एका गृहस्थाकडे गेले असता त्याने त्यांना विचारले, भूक लागली आहे का, आइस्क्रीम आहे. दोईंना भूक होती. पण पहिल्या भेटीत लगेच होय म्हणणे बरे नव्हे, म्हणून ते नाही म्हणाले. यजमान पुन्हा आग्रह करील अशी त्यांची अपेक्षा होती. यजमानाने आग्रह केला नाही. आपल्याकडे 'नको नको' म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक पोळी वाढणाऱ्या घरांतून आलेल्या श्रोत्यांना दोईंची ती निराशा समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा अनुभवांवर चिंतन करून दोईंनी १९७१ साली 'अमाए' या कल्पनेवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. 'अमाए' म्हणजे समोरचा आपले लाड पुरवील, न सांगता आपल्या मनातले ओळखील, या विश्वासाने त्याच्यावर विसंबणे. इंग्रजीत याला नेमका शब्द नाही. मराठीतही एका शब्दात तो मावत नाही; तथापि लाडीगोडी, हट्ट आणि रुसवा हे आपले शब्द त्याच्या बरेच जवळ जातात. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यावरच माणूस रुसतो. ज्या समाजात हे ठाऊक नाही तेथला उपचारक अशा नात्याला 'दुबळे परावलंबन' म्हणेल आणि रोग्याला स्वावलंबनाचा उपदेश करील. उपदेश चांगलाच असेल, पण तो भलत्या दुखण्यावरचा असेल.

आजाराची ठेवणही कधी कधी समाजाप्रमाणे बदलते. 'ताइजिन क्योफुशो' नावाचा एक भीतीचा विकार जपानी वैद्यांनी वर्णिला आहे. चारचौघांत आपली फजिती होईल, ही भीती सर्वत्र आढळते. या विकाराच्या काही रोग्यांना मात्र आपल्या नजरेने, चेहऱ्याने वा अंगाच्या वासाने दुसऱ्याला त्रास होईल, ही भीती पछाडते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात १९९४ च्या आवृत्तीपासून त्याचा उल्लेख आहे. उपचारांचेही तसेच. शोमा मोरिता यांनी १९१९ च्या सुमारास जी पद्धती सिद्ध केली, तिच्यात भीतीशी झगडण्याऐवजी ती आहे तशी मान्य करून हातातले काम करीत राहण्यावर भर आहे. इशिन योशिमोतो यांच्या 'नाइकान' पद्धतीत माणूस आपल्या जवळच्यांविषयी तीन प्रश्न स्वतःला विचारतो: मला त्यांच्याकडून काय मिळाले, मी त्यांना काय दिले, आणि माझ्यामुळे त्यांना कोणता त्रास झाला?

मात्र प्रत्येक जपानी रोग्याला मोरिता किंवा नाइकानच हवे असते, असे मुळीच नाही. जपानमध्येही औषधोपचार चालतात. विचार व वर्तन यांना वळण लावणारी पाश्चात्त्य पद्धती तेथे २०१० पासून नैराश्यासाठी सरकारी आरोग्यविम्यात समाविष्ट आहे. संस्कृती जाणणे म्हणजे माणसावर तिचा शिक्का मारणे नव्हे. घरच्या रीतिरिवाजांचा जाच सोसवेना म्हणून कोणी देश सोडला असेल, तर त्याला कदाचित परका उपचारकच अधिक मोकळा वाटेल.

मग योग्य माणूस शोधावा कसा? अनेक ठिकाणचे जपानी दूतावास आपल्या हद्दीतील जपानी जाणणाऱ्या डॉक्टरांची यादी ठेवतात. आरंभ तेथून करता येतो. मोठ्या शहरांत समाजसंस्थाही असतात. लॉस एंजेलिसमध्ये १९७९ साली स्थापन झालेले लिटल टोकियो सर्व्हिस सेंटर जपानी भाषेतून समुपदेशन देते. उलट बाजूने पाहावयाचे तर जपानमध्ये राहणाऱ्या इंग्रजी भाषकांसाठी टोकियोत १९७३ पासून 'टेल' ही संस्था काम करीत आहे. म्हणजे ही गरज एका राष्ट्राची नाही. जो जो परका होतो त्याची ती आहे.

नाव सापडले की परवाना पाहावा. अमेरिकेत तो राज्यागणिक मिळतो, आणि सामान्यतः रोगी ज्या राज्यात बसला असेल तेथला परवाना लागतो. काही राज्यांनी आपसांत करार करून ही अडचण हलकी केली आहे. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे पद कायद्याने रक्षिलेले आहे, 'सायकोथेरपिस्ट' हे नाही. जपानमध्ये मानसतज्ज्ञाच्या राष्ट्रीय पात्रतेचा कायदा २०१५ साली संमत होऊन २०१७ पासून अमलात आला. तथापि टोकियोतल्या तज्ज्ञाशी दृक्‌श्राव्य यंत्रावरून बोलण्याची सोय झाली, तरी त्याला आपल्या राहत्या देशात उपचार करण्याची मुभा आहे का, विमा खर्च देईल का, हे आधी विचारून घेतलेले बरे.

यानंतर पहिल्या भेटीत रोग्यानेच चार प्रश्न विचारावेत. आपण जपानी भाषेत उपचार केले आहेत, की केवळ ती बोलता? जपानी नाव धारण करणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या अमेरिकनाला ती भाषा येतच असेल असे नाही. माझ्या कुटुंबाची मते आपण कशी विचारात घ्याल? मी गप्प बसलो तर त्याचा अर्थ काय लावाल? आणि सर्वांत महत्त्वाचे, आपली व माझी ओळखीची मंडळी एकच असतील तर गुप्ततेचे काय? परदेशातला जपानी समाज लहान असतो. कंपनीतला वरिष्ठ, शाळेतल्या मुलांच्या आया, दुकानदार, सारे एकमेकांना ओळखतात. 'सेकेन', म्हणजे आपल्याकडचे 'लोक काय म्हणतील', समुद्र ओलांडूनही माणसाच्या मागे येते. त्या धाकाने कित्येक जण उपचाराचे दारच ठोठावत नाहीत. म्हणून उपचारकाने गुप्ततेचे नियम स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजेत. दुभाषा घ्यावा लागला, तर तोही व्यवसायाने दुभाषा असावा. शेजारीण नसावी, आणि स्वतःचे मूल तर कदापि नसावे. आईचे दुःख भाषांतरित करण्याचे ओझे दहा वर्षांच्या मुलावर घालणे हे दोघांनाही घातक आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. जीव नकोसा झाला असेल, तर आपल्या भाषेचा उपचारक मिळेपर्यंत थांबू नये. त्या वेळी जवळचे रुग्णालय, जी येईल ती भाषा आणि दुभाष्याची मागणी, एवढे पुरे आहे. अमेरिकेत २०२२ च्या जुलैपासून ९८८ हा दूरध्वनी क्रमांक अशा संकटासाठी देशभर उपलब्ध आहे. बुडणाऱ्याने वाचविणाऱ्याची बोली विचारू नये. ती विचारण्याची वेळ काठावर आल्यावरची.

श्रोतेहो, काठावर आल्यावर मात्र ती अवश्य विचारावी. आपल्याच भाषेत बोलण्याची इच्छा हा रोग्याचा चोखंदळपणा नव्हे, आणि आपली संस्कृती जाणणारा माणूस मागणे म्हणजे परक्या देशाचा अव्हेर नव्हे. 'ठीक आहे' या दोन शब्दांआड काय दडले आहे हे ज्याला ऐकू येते, त्याच्यापाशीच माणूस हळूहळू तिसरा शब्द उच्चारतो. आणि उपचाराची खरी सुरुवात त्या तिसऱ्या शब्दापासून होते.