खूणशब्दांचा मुक्त वर्ग : एचटीएमएलमधील साचे व स्वरचित घटक

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिची प्रत हाती आल्यास ती आजही विनासायास वाचता येते. याउलट, फ्लॅश या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला आणि त्या तंत्राने रचलेले साहित्य त्यानंतर सामान्य ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. बोलींची शब्दसंपत्ती संगणकावर साठवू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने या दोन उदाहरणांची तुलना अवश्य करावी. ज्या बोलीचे जाणते भाषक उरले नाहीत, तिची सामग्री पुन्हा गोळा करता येत नाही. म्हणून ती कोणत्या माध्यमात ठेवावयाची, हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हे.

या दृष्टीने साध्या एचटीएमएलचा विचार उपयुक्त ठरतो. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत निर्माण केलेल्या या खूणभाषेत मजकुराचा प्रत्येक भाग कोणत्या स्वरूपाचा आहे, हे खूणशब्दांनी दर्शविले जाते. परिच्छेद, शीर्षक, यादी, कोष्टक इत्यादींसाठी शंभराहून थोडे अधिक शब्द तीत आहेत. व्याकरणाच्या परिभाषेत हा बद्ध वर्ग होय : सर्वनामांप्रमाणे त्यात सहसा नवी भर पडत नाही. कोशाला मात्र ‘नोंद’, ‘उच्चार’, ‘बोलीक्षेत्र’ अशा संज्ञा हव्या असतात.

ही उणीव स्वरचित घटकांनी भरून काढली. त्यांचे आजचे प्रमाणित रूप २०१६ ते २०२० या काळात सर्व प्रमुख ब्राउझरांत स्थिरावले. घटकाच्या नावात जोडरेघ असलीच पाहिजे, असा नियम आहे. प्रमाणभाषेत पुढे येणाऱ्या नव्या खूणशब्दांत जोडरेघ असणार नाही. त्यामुळे दोहोंची टक्कर होत नाही. एका अर्थी जोडरेघ हे येथे साधित शब्दाचे लक्षण आहे. नावाचे पहिले अक्षर रोमन लिपीतील लहान अक्षरच असावे लागते, कारण कोनकंसानंतर रोमन अक्षर आले तरच ब्राउझर त्यास घटकाची खूण समजतो. पुढील अक्षरे मात्र देवनागरी चालतात. रोमन ‘एक्स’, जोडरेघ आणि ‘नोंद’ असे नाव त्यामुळे सर्वस्वी नियमबद्ध ठरते.

नावाला वर्तन जोडण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये त्याची नोंदणी करावी लागते. येथे ‘टेम्प्लेट’ हा घटक साहाय्यास येतो. त्यातील मजकूर ब्राउझर वाचतो व त्याची रचना सिद्ध करतो, परंतु तो पानावर मांडत नाही. त्यातील चित्रे मागवीत नाही, आज्ञावलीही चालवीत नाही. प्रत काढून ती पानात जोडली म्हणजेच साचा प्रकट होतो. धातू आणि त्याचे वाक्यात योजलेले रूप यांचा संबंध काहीसा असाच असतो.

या दोहोंच्या कार्यविभागणीत खरे मर्म आहे. साचा जावास्क्रिप्टविना प्रकट होत नाही. स्वरचित घटकाची नोंदणी झाली नाही, तरी ब्राउझर त्या खुणेला विशेष अर्थ न देता आतील मजकूर दाखवितोच. अपरिचित शब्द आला म्हणून वाचक सारे वाक्य टाकून देत नाही, तसेच हे. तात्पर्य, शब्द, अर्थ व उदाहरण हे घटकाच्या आत लिहावेत आणि केवळ सजावट, कळा व मांडणी साच्यात ठेवावी. हे उलट केल्यास आज्ञावली निकामी होताच कोशही अदृश्य होईल. टीईआय पद्धतीने खुणा केलेल्या संहितांसाठी ह्यू केलेस व राफाएले विलियान्ती यांनी रचलेली सेटेशियन ही आज्ञावली याच गुणाचा उपयोग करते : टीईआयमधील खूणशब्दांना जोडरेघयुक्त उपसर्ग लावून ती संहिता थेट ब्राउझरमध्ये आणते आणि मूळ रचनाही राखते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. स्वरचित नावाला अंगभूत अर्थ नसतो. अंध वाचकाला पान वाचून दाखविणाऱ्या साधनास ‘नोंद’ म्हणजे काय हे कळत नाही. म्हणून आत शीर्षक, यादी, परिच्छेद हे मूळ घटकच वापरावेत आणि भाषेची खूण मराठीसाठी ‘एम-आर’ व कोंकणीसाठी ‘के-ओ-के’ अशी न चुकता द्यावी. तसेच एका पानातील साचा दुसऱ्या पानाला आपोआप उपलब्ध होत नाही; शेकडो पानांचा समान मथळा राखण्यासाठी वेगळी योजना करावीच लागते.

या रचनेची कसोटी सोपी आहे. जावास्क्रिप्ट बंद करून पान उघडावे. नंतर तीच फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडावी. दोन्ही ठिकाणी शब्द, त्याचा अर्थ आणि त्याचे गाव वाचता आले, तर ती नोंद आजच्या साधनांवर विसंबून नाही, असे म्हणता येईल.