न निघालेल्या तबकडीच्या शोधात

ज्या गवयाची एकही तबकडी कधी निघाली नाही, त्याचे गाणे ऐकता यावे म्हणून मी गेली तीस वर्षे तबकड्या गोळा करतो आहे! हे वाक्य वाचून वाचकांना माझ्या डोक्याविषयी शंका आली, तर त्यात नवल नाही. आमच्या घरातल्या मंडळींना ती फार पूर्वीच आलेली आहे. तेव्हा थोडा खुलासा केलेला बरा.

तो गवई म्हणजे उस्ताद अल्लादियाखाँ. १८९५ च्या सुमारास ते शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरास आले, आणि १९२२ साली महाराज निवर्तेपर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, हे शहर त्यांचे घर होते. भास्करबुवा बखले त्यांच्याकडे शिकले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी त्यांचीच तालीम घेतली. तरुणपणी एका संस्थानिकाच्या हौसेखातर दिवसच्या दिवस गावे लागल्याने खाँसाहेबांचा मूळचा आवाज बसला, तो पहिल्यासारखा परत आलाच नाही. मग जो आवाज हाती उरला, त्याला शोभेल अशी पेचदार, लयीला घट्ट बिलगून चालणारी गायकी त्यांनी स्वतःच्या बुद्धीने उभी केली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी. १९४६ साली मुंबईस ते वारले, तेव्हा आपल्याकडे तबकडी येऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती. पण त्या साऱ्या पसाऱ्यात खाँसाहेबांचा आवाज कोठेही नाही.

आपल्याकडे गाणे तबकडीवर चढले ते १९०२ साली, कलकत्त्यास. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा माणूस कर्णा घेऊन आला आणि त्याच्यापुढे गौहरजान गायली. गाणे संपता संपता तिने इंग्रजीत आपले नाव पुकारले. पुष्कळांना तो तिचा नखरा वाटतो. परंतु त्यामागे व्यवहार होता. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हानोव्हर शहरी. तेथल्या कारागिरांना कोणती बाई कोण हे कसे कळावे? १९०८ साली कलकत्त्यासच कारखाना निघाला आणि ही यातायात थांबली. त्या काळ्या तबकडीचा एक महत्त्वाचा घटक म्हणजे लाख. ती लाख जगाला पुरवीत असे प्रामुख्याने आपलाच देश. म्हणजे कीटक आमचे, लाख आमची, गाणेही आमचे!

या तबकडीची खरी अडचण तिच्या वेळेत होती. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. जो राग रंगवायला एरवी तास-दीड तास लागावा, तो तीन मिनिटांत आटोपायचा, म्हणजे पुरणावरणाचा नैवेद्य वाटीत बसवण्यापैकीच. आलापीला सुट्टी, स्थायी झटपट, अंतरा त्याहून झटपट, दोनचार ताना, आणि संपले. पुष्कळ बुजुर्ग या यंत्राकडे फिरकलेच नाहीत. भास्करबुवांचेही गाणे मागे उरले नाही. विद्या चोरीला जाईल ही धास्ती अनेकांच्या मनात होती, असे जुनी मंडळी सांगत.

माझी समजूत होती की हे दुखणे आपल्याकडचेच. पुढे एका स्नेह्यामुळे मला जाझ ऐकण्याचा नाद लागला. न्यू ऑर्लीन्स हे अमेरिकेचे बंदराचे शहर. तेथल्या कृष्णवर्णीय वादकांनी हे संगीत घडवले. त्यांच्यात बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक सर्वांचा आद्य मानतात. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, ते १९३१ साली तो मरेपर्यंत. त्याच्या वादनाचे एकही मुद्रण आज उपलब्ध नाही! फ्रेडी केपर्ड हा त्याच गावचा दुसरा वादक. बोटे कशी फिरतात हे कोणी पाहू नये म्हणून तो हातावर रुमाल टाकून वाजवी, आणि चोरीच्याच भयाने त्याने आलेली तबकडीची संधी नाकारली, असे सांगतात. परिणाम असा, की १९१७ साली जाझची पहिली तबकडी निघाली ती गोऱ्या वादकांची. हे वाचले तेव्हा मला ते दूरचे शहर एकदम आमच्या पंचगंगेकाठचे वाटू लागले.

तिकडचे रसिक मग काय करतात? बोल्डनला ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले, त्यांच्या तबकड्यांतून ते बोल्डनला शोधतात. मी इकडे तेच करतो. केसरबाईंचा नट कामोद लावतो, ककुभ बिलावल लावतो. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या जुन्या तबकड्या लावतो. मन्सूरांना तालीम मिळाली खाँसाहेबांच्या मुलांकडून, आधी मंजीखाँ आणि नंतर भूर्जीखाँ यांच्याकडून. केसरबाईंचा आवाज रुंद, भरदार, मन्सूरांचा टोकदार. दोघांची प्रकृती अगदी निराळी. तरी तान एका सुरावरून दुसऱ्यावर सरळ न जाता वळसा घेऊन जाते ती खोड एकच, आणि समेवर येताना घाई नाही, उशीरही नाही, ही ऐटही एकच. दोन निराळ्या गळ्यांत जे समान सापडते, ते त्यांच्या एकट्याचे नव्हे; ते वरून आलेले. तेवढ्यापुरते खाँसाहेब मला ऐकू येतात.

हे ऐकायला कान मात्र तयार करावा लागतो. पहिल्या खेपेला नुसती खरखर ऐकू येते. दुसऱ्या खेपेला खरखरीमागचा तंबोरा उमगतो. तिसऱ्या खेपेला खरखर नाहीशी होते आणि उरते ते गाणे. म्हणून जुन्या तबकड्यांच्या ज्या नव्या आवृत्त्या लाँगप्लेवर, कॅसेटवर, सीडीवर आल्या, त्यांच्याविषयी माझे मत थोडे तिखट आहे. त्यांनी गाणे घरोघरी नेले, हे उपकार मोठे. पण काही ठिकाणी खरखर पुसण्याच्या भरात तंबोराही पुसला गेला. वेगाचेही तसेच. तबकडीला ७८ फेऱ्यांची म्हणत असले, तरी सुरुवातीच्या काळात सगळीच मुद्रणे नेमक्या त्या वेगाने होत नसत. चार-साडेचार फेऱ्यांचा फरक पडला, की काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये जाऊन बसते आणि प्रौढ बाईचा आवाज पोरीसारखा वाटू लागतो.

मागे मंगळवार पेठेतल्या एका वाड्यातून निरोप आला, की माळ्यावर जुन्या प्लेटा आहेत. गेलो. ऐंशीच्या पुढच्या आजी सोप्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, “न्या की ओ सगळ्या. हितं पडून काय करायच्यात? पण एक डाव वाजवून दाखवा, मग न्या.” मी माझे चावीचे यंत्र घेऊन पुन्हा गेलो, नवी पिन घातली आणि केसरबाईंचा मालकंस लावला. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच एके ठिकाणी पिन खट्‌कन उडाली. मला वाईट वाटले. आजींच्या चेहऱ्यावर मात्र हसू उमटले. “मी नव्यानं या घरात आल्ते तवा केर काढताना माझा धक्का लागला पेटीला. मामंजी कायबी बोलले न्हाईत. नुस्तं म्हणाले, बाई गातीया, जरा दमानं.”

मी त्यांना त्याच गाण्याची सीडीवरची स्वच्छ प्रत ऐकवली. त्यांनी मन लावून ऐकली आणि म्हणाल्या, “ग्वाड हाय. पण ही आमची न्हवं.” ती तबकडी मी नेली नाही. बाकीच्या नेल्या.

आता या तीन मिनिटांची एक गंमत सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. परग्रहावर कोणी भेटलेच, तर पृथ्वीचे गाणे त्याला कळावे म्हणून. तिच्यावरच्या सत्तावीस तुकड्यांत लुई आर्मस्ट्राँगचे १९२७ सालचे जाझ आहे, आणि केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवीही आहे. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. बडी बोल्डनने जे पेरले आणि कोल्हापूरच्या दरबारी गवयाने जे शिकवले, ते आज एकाच तबकडीत शेजारी शेजारी बसून सूर्यमालेबाहेर चालले आहे. दोघांचेही नाव त्यावर नाही, आवाजही नाही.

वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत तुमच्याही माळ्यावर काळ्या तबकड्यांचे गाठोडे सापडले, तर त्या भंगारात घालू नका, आणि गरम पाण्यात वाकवून त्यांच्या फुलदाण्याही करू नका. त्या आडव्या न रचता उभ्या ठेवा. पुसायला स्पिरिट वापराल तर लाख विरघळेल; साधे ओलसर फडके पुरे, आणि मधला कागद भिजू देऊ नका. लाँगप्लेच्या बारीक पिनेखाली त्या घालू नका. कागदावरचा आकडा लिहून ठेवा. मुंबईस १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली, ती अशाच आकड्यांची आणि आठवणींची कदर करणाऱ्या मंडळींनी. आणि घरात कोणी वडीलधारे असेल, तर तबकडी लावून आधी त्यांना ऐकवा. खरखर नेमकी कोठे होते आणि का, हे सांगणारे माणूस तबकडीपेक्षाही दुर्मिळ आहे.