लघुकथेची आखणी : ‘कफन’च्या आधाराने

मराठी कथाविचारात ‘तंत्र’ हा शब्द एकेकाळी गौरवाचा होता. पुढे तो हिणवण्याचा झाला. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात लेखनाचे तंत्र अभ्यासाने साधते अशी भूमिका घेतली, आणि त्यांच्या प्रभावाखालच्या कथेत प्रारंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू व शेवट यांच्या सुबक बांधणीला महत्त्व आले. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ही चौकट मोडली. परंतु चौकट मोडली म्हणजे आखणीच संपली, हा समज नवशिक्या कथाकाराला फार महागात पडतो. त्याच्या हाती एक तर शेवटी धक्का देणारे कोडे उरते, नाही तर एखाद्या मनःस्थितीचा सुटा तुकडा. नवकथेने आखणी टाकली नाही. आखणीचा विषय बदलला. ‘पुढे काय घडते’ याची योजना करण्याऐवजी ‘वाचकाला काय, केव्हा आणि कोणाच्या शेजारी बसून कळते’ याची योजना होऊ लागली.

हा बदल केवळ मराठीपुरता नव्हता. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेली प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथा १९३५ साली उर्दूत आणि १९३६ साली हिंदीत प्रसिद्ध झाली. तिच्यातील घटना मोजक्या वाक्यांत सांगता येतात. घिसू आणि माधव हे बापलेक झोपडीबाहेर चोरून आणलेले बटाटे भाजून खात आहेत. आत माधवची बायको बुधिया प्रसववेदनांनी तळमळते आहे. सकाळी ती मेलेली आढळते. गावातून कफनासाठी पाच रुपये जमतात. बापलेक ते मद्यशाळेत उडवतात. एवढा सारांश म्हणजे आखणी नव्हे. गावगप्पांतूनही तो सांगता आला असता, आणि ऐकणारा ‘काय ही माणसे!’ म्हणून विसरून गेला असता.

कथा कोठे सुरू होते ते पाहावे. माधवच्या लग्नाला वर्ष झालेले आहे. बुधियाने या घराला दिलेले वळण, तिचे कष्ट, हे सारे प्रेमचंद काही ओळींत उरकतात. पहिले दृश्य मात्र विझलेल्या शेकोटीपाशी आहे. आत जाऊन बुधियाला पाहावे, तर दुसरा तेवढ्यात जास्त बटाटे फस्त करील, या धास्तीने माधव उठत नाही. वाचकाला धरून ठेवणारी गोष्ट येथेच हाती लागते. पैसे मद्यात जातील हे लपवून ठेवून शेवटी उघड करणे तंत्रनिष्ठ कथाकाराला सहज सुचले असते. प्रेमचंद ते लपवीत नाहीत. बटाट्यांचा प्रसंग वाचलेल्याला कफनाचे काय होणार याचा अंदाज येतोच, आणि म्हणून ‘पुढे काय’ या कुतूहलाची जागा ‘हे आता कोठवर जाणार’ ही अस्वस्थता घेते.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे विशेष उपयोगी पडतात. बटाटे आणि पुऱ्या यांत संवाद आहे: दोन्ही वेळा बापलेक परक्याच्या जिवावर खातात, दोन्ही वेळा झोपडीत तीच स्त्री आहे. विरोधही तितकाच तीव्र आहे. पहिल्या वेळी जीभ भाजेल इतकी घाई आणि परस्परांवर अविश्वास. दुसऱ्या वेळी ऐसपैस तृप्ती, इतकी की उरलेल्या पुऱ्या भिकाऱ्याला दिल्या जातात. या दोहोंच्या मध्ये घिसूची आठवण आहे, वीस वर्षांपूर्वी एका ठाकुराच्या घरच्या लग्नात पोटभर मिळालेल्या जेवणाची. ती वगळून पाहावी. मद्यशाळा मग केवळ बेइमानी ठरते; आठवण असली की ती वीस वर्षांच्या भुकेचा शेवट होते. आखणी म्हणतात ती अशा जागी दिसते. (कष्टाळू शेतकऱ्यांची स्थितीही यांच्याहून फारशी बरी नव्हती, हे निवेदकाचे भाष्य काटेकोर तंत्रशिक्षक खोडून टाकील. ते राहिले हे बरेच झाले. त्याशिवाय वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणे फार सोपे गेले असते.)

आणखी एक योजना सहसा नजरेतून सुटते. बापलेक मद्यशाळेत गेल्यानंतर कथा झोपडीकडे परत जात नाही. बापलेक नाचतात, गातात, कोसळतात. प्रेत घरी तसेच आहे याची जाणीव वाचकानेच वाहायची असते.

लांबीचा प्रश्न त्या मानाने गौण आहे. एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्ये एका बैठकीत वाचून होण्याचा निकष सुचवला. धारवाडला राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’तील दीर्घ कथा तो निकष ताणतात आणि तरीही कथाच राहतात.

लिहू पाहणाऱ्याने घटनाक्रमाचा आराखडा करण्याआधी हीच सामग्री दुसऱ्या नजरेतून मांडून पाहावी. गावकऱ्याच्या नजरेतून ती फसवणुकीची हकिकत होते. पुऱ्या मिळालेल्या भिकाऱ्याच्या नजरेतून ती अधिक अवघड होते: त्याला दिसतात ते दोन उदार मद्यपी. बटाटे, कफन यांतले त्याला काहीच ठाऊक नाही, आणि ते सारे त्याच्या अज्ञानातूनच वाचकापर्यंत पोचवावे लागते.