पाऊस उघडला, गुपित उघडं पडलं!

लोणावळ्यात जुलैची संततधार लागली की सगळ्यांचं एकच विचारणं : 'पाऊस कधी उघडणार?' दुकान उघडलं की सुरू होतं, पाऊस उघडला की थांबतो! कारण इथे मोकळं होतं ते आभाळ. ढग सरकतात आणि लोहगडाची विंचूकाटा माची, शेजारच्या विसापूर किल्ल्याची तटबंदी स्पष्ट दिसू लागते.

'उघडणे' हे क्रियापद संस्कृत 'उद्घाटयति'पासून प्राकृत 'उग्घाडइ'मार्गे मराठीत आलं. म्हणजे 'उद्घाटन' त्याचंच भावंड! गुपित उघड करण्याला इंग्रजीत 'रिव्हील' म्हणतात; त्याच्या मुळाशी लॅटिन 'वेलम', म्हणजे पडदा. तो दूर सारणं हा मूळ अर्थ.

आपल्याकडे डोळे उघडतात, घोटाळा उघडकीस येतो, लबाडी उघडी पडते. आणि मावळातला भातशेतकरी वाट पाहतो ती उघडिपीची.

तुमच्या गावी पाऊस थांबला की काय म्हणतात? नक्की लिहा.