तान्ह्या मुलाची शाळा

मूल पडले की आपण धावत जातो. ते निजले की घटकाभर मोकळे झालो म्हणून कामाला लागतो. पडणे म्हणजे चूक आणि निजणे म्हणजे नुसता विसावा, असा आपला समज असतो. श्रोतेहो, तो कितपत खरा आहे, हे आज पाहू.

न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचे मोकळे खेळणे मोजून २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. सरासरीने ताशी २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे! एवढा सराव मोठी माणसे क्वचितच करतील. याच विदुषींनी त्यापूर्वी, १९९७ मध्ये, उतरणीवरील प्रयोग प्रसिद्ध केले होते. रांगणारी मुले काही आठवड्यांत आपल्याला झेपणारा उतार ओळखू लागली. पण तीच मुले चालू लागताच अवघड उतारावर पुन्हा बेधडक पाऊल टाकू लागली. रांगताना मिळालेले शहाणपण उभ्या शरीराला उपयोगी पडेना. ते नव्याने मिळवावे लागले.

आता झोपेकडे वळू. २०१५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ६ आणि १२ महिन्यांच्या मुलांना बाहुलीचा हातमोजा काढणे, हलविणे व परत घालणे दाखविले. त्यानंतर चार तासांच्या आत जी निदान अर्धा तास निजली, त्यांना ते पुढे आठवले; जी निजली नाहीत, त्यांना आठवले नाही. शिवाय नवजात बालकाची जवळजवळ निम्मी झोप ही चळवळी झोप असते. तीत त्याचे हातपाय मधूनमधून दचकल्यासारखे हलतात. उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांत, या हालचालींच्या संवेदना मेंदूपर्यंत पोहोचतात असे दिसले आहे. आपल्याच अवयवांची ओळख मेंदूला अशी पटत असावी, असे काही शास्त्रज्ञ मानतात.

मग आपण काय करावे? आपला जुना पांगुळगाडा मूल स्वतः उभे राहून ढकलीत असे. हल्लीच्या चाकांच्या खुर्चीत ते बसते आणि गाडीच त्याला नेते. अशा खुर्च्यांमुळे होणाऱ्या अपघातांपायी कॅनडाने २००४ मध्ये त्यांची विक्रीच बंद केली. त्यापेक्षा कडेकोपरे सांभाळून जमिनीवर एक सतरंजी अंथरावी, आणि मुलाला त्याच्या मनाप्रमाणे पडू-उठू द्यावे. आणि पाहुणे आले म्हणून निजलेल्या बाळाला उठवू नये. त्या वेळी त्याची शाळा चालू असते.